मराठी कोशांतील लेखक व साहित्यकृतींची उल्लेखनीयता

मराठी कोशांतील लेखक व साहित्यकृतींची उल्लेखनीयता म्हणजे कोणत्या मराठी लेखकाविषयी आणि कोणत्या ग्रंथाविषयी कोशात स्वतंत्र नोंद असावी, हे ठरविण्याची कसोटी होय. एकोणिसाव्या शतकातील चरित्रकोशांपासून आजच्या मुक्त ज्ञानकोशापर्यंत प्रत्येक कोशकाराला हा निर्णय घ्यावा लागला आहे. मुद्रित कोशांत तो संपादक मंडळ घेत असे व त्याची कारणे सहसा प्रसिद्ध होत नसत. मुक्त ज्ञानकोशात तो कोणाही सदस्याच्या सूचनेवरून, लेखाच्या चर्चा पानावर, सर्वांसमक्ष घेतला जातो. त्यामुळे पूर्वी कोशकचेरीच्या दाराआड राहणारे वाद आता वाचकालाही दिसतात.

== संज्ञा ==

उल्लेखनीयता आणि श्रेष्ठता या दोन भिन्न गोष्टी आहेत. एखादा कवितासंग्रह उत्तम असूनही त्याविषयी कोणी काही लिहिलेले नसेल, तर त्यावर कोशनोंद करता येत नाही. कारण नोंदीत लिहिण्याजोगी पडताळलेली माहितीच उपलब्ध नसते. याउलट सामान्य गुणवत्तेच्या पण दीर्घकाळ वादग्रस्त ठरलेल्या पुस्तकावर विस्तृत नोंद होऊ शकते. कोशाने नोंद नाकारली म्हणजे लेखक कमी प्रतीचा ठरविला, असा समज सर्रास आढळतो व त्यातून पुष्कळ कटुता निर्माण होते. प्रत्यक्षात कसोटी लेखनाच्या गुणाची नसून त्या लेखनाची इतरांनी स्वतंत्रपणे किती व कशी दखल घेतली याची असते.

सूची, वाङ्मयेतिहास आणि कोश यांतील भेदही येथे लक्षात घ्यावा लागतो. शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' ही १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० या कालखंडांतील छापील मराठी ग्रंथांची नोंद करते. तिला निवड करावयाची नसते. ग्रंथ छापला गेला आणि सूचिकाराला सापडला, एवढे तिला पुरे असते. वाङ्मयेतिहासकार एका सूत्रात बसणारे लेखक घेतो व न बसणारे सोडून देतो, आणि तसे करण्याचा त्याला अधिकार असतो. कोश या दोहोंच्या मध्ये उभा असतो. त्याला सर्वच घेता येत नाही आणि स्वतःच्या आवडीचे सूत्रही लावता येत नाही. दात्यांच्या सूचीत नाव आहे म्हणून कोशात लेख हवा, हा युक्तिवाद वारंवार केला जातो. परंतु सूचीतील नोंद ग्रंथाच्या अस्तित्वाचा पुरावा असतो, उल्लेखनीयतेचा नव्हे.

== मुद्रित कोशांतील निवड ==

जनार्दन रामचंद्रजी यांचे 'कविचरित्र' (१८६०) आणि रघुनाथ भास्कर गोडबोले यांचे 'भारतवर्षीय प्राचीन ऐतिहासिक कोश' (१८७६) व 'भारतवर्षीय अर्वाचीन ऐतिहासिक कोश' (१८८१) हे या क्षेत्रातील आरंभीचे प्रयत्न होत. या काळात निवडीचा प्रश्न आजच्या स्वरूपात उद्भवलाच नव्हता. माहिती मिळविणे हेच मुख्य कष्टाचे काम होते आणि जे मिळाले ते नोंदविले जाई.

श्रीधर व्यंकटेश केतकर (१८८४–१९३७) यांच्या 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'ने प्रश्नाचे स्वरूप बदलले. अमरावतीशी घनिष्ठ संबंध असलेल्या केतकरांनी नागपूर येथे ज्ञानकोश मंडळ ही मर्यादित कंपनी स्थापून हे काम हाती घेतले. पुढे कार्यालय पुण्यास गेले. १९२० मध्ये पहिला प्रस्तावनाखंड निघाला आणि त्या दशकात ज्ञानकोशाचे २३ खंड पूर्ण झाले. जगाच्या ज्ञानात महाराष्ट्राचे स्थान कोणते, हा केतकरांपुढील मूळ प्रश्न होता. परभाषेतील कोशाचे भाषांतर केल्यास मराठी वाचकाला परदेशातील गौण ग्रंथकार सापडेल आणि स्वतःच्या जिल्ह्यातील संतकवी सापडणार नाही, ही अडचण त्यांच्या योजनेच्या मुळाशी होती. उल्लेखनीयता ही भाषेगणिक बदलते, हे तत्त्व मराठीत प्रथम त्यांच्या कामातून दृढ झाले असे म्हणता येते. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनी पुढे 'भारतवर्षीय चरित्रकोशा'चे प्राचीन (१९३२), मध्ययुगीन (१९३७) व अर्वाचीन (१९४६) असे तीन खंड सिद्ध केले.

महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाची स्थापना १९६० मध्ये झाली व तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली वाई येथे 'मराठी विश्वकोशा'चे काम सुरू झाले. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि विसावा २०१५ मध्ये. या दीर्घ कालावधीचा निवडीवर एक विचित्र परिणाम झाला, ज्याची चर्चा फारशी होत नाही. विश्वकोश अकारविल्हे असल्यामुळे ज्या लेखकाचे आडनाव 'अ' किंवा 'आ'ने सुरू होते, त्याचे कर्तृत्व सत्तरच्या दशकापूर्वी मान्य झालेले असणे आवश्यक होते. 'स' किंवा 'ह'ने सुरू होणाऱ्या आडनावाच्या लेखकाला मात्र त्यानंतरची तीन-चार दशके मिळाली. वर्णमालेतील स्थान ही कोणत्याही अर्थाने वाङ्मयीन कसोटी नाही, तरी मुद्रित कोशात ती अपरिहार्यपणे लागू होते. विश्वकोशाच्या संकेतस्थळावर विषयवार ज्ञानमंडळांमार्फत नव्या नोंदी घेण्याची व्यवस्था सुरू झाल्यावर ही अडचण काही अंशी दूर झाली.

केवळ साहित्याला वाहिलेल्या कोशांत गं. दे. खानोलकर यांनी संपादिलेला 'मराठी वाङ्मयकोश' (पहिला खंड, १९७७) महत्त्वाचा आहे. खानोलकरांनी त्यापूर्वीच 'अर्वाचीन मराठी वाङ्मयसेवक' या मालेतून अनेक लेखकांची चरित्रे मिळवून ठेवली होती. 'वाङ्मयसेवक' हा त्यांचा शब्द अर्थपूर्ण आहे. प्रतिभावंतांच्याच नव्हे, तर वाङ्मयाची सेवा केलेल्या संपादक, अनुवादक व संग्राहकांच्याही नोंदी त्या शब्दात सामावतात. ग. रा. भटकळ फाउंडेशनचा 'संक्षिप्त मराठी वाङ्मयकोश' जया दडकर, प्रभा गणोरकर, वसंत आबाजी डहाके आणि सदानंद भटकळ यांनी संपादित केला. आरंभापासून १९२० पर्यंतचा भाग १९९८ मध्ये व १९२० ते २००३ या काळाचा भाग २००४ मध्ये निघाला. या कोशात लेखकांखेरीज ग्रंथ व नियतकालिके यांच्याही नोंदी आहेत. एखाद्या मराठी लेखकावर लेख असावा की नाही असा वाद झाल्यास पुष्कळदा हाच कोश प्रथम उघडला जातो. तेथे नोंद असल्यास वाद बहुधा मिटतो. तेथे नोंद नसणे हा मात्र नकाराचा पुरावा मानता येत नाही, विशेषतः २००३ नंतर लिहू लागलेल्या लेखकांच्या बाबतीत.

== मुक्त ज्ञानकोशातील कसोटी ==

मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजी झाला. त्यावरील अगदी सुरुवातीच्या लेखांत बालकवींच्या 'औदुंबर' या कवितेवरील लेखाचा समावेश होता. आठ ओळींच्या एका कवितेला स्वतंत्र लेख असावा का, हा प्रश्न त्यामुळे जणू पहिल्याच पावलावर उपस्थित झाला. त्याचे उत्तर होकारार्थी आहे. 'औदुंबर'चा अर्थ काय, त्यातील पाय सोडून बसलेला औदुंबर कशाचे प्रतीक, यावर मराठी समीक्षकांनी अनेक पिढ्या लिहिले आहे. कवितेच्या लांबीशी उल्लेखनीयतेचा संबंध नाही. तिच्यावर झालेल्या लेखनाशी आहे. मात्र कवितेचा पाठ देणे म्हणजे कवितेवर लेख लिहिणे नव्हे. पाठाची जागा विकिस्रोत या बंधुप्रकल्पात असते. ज्ञानकोशातील लेखात रचनाकाळ, प्रसिद्धी, आशय, समीक्षा आणि प्रभाव यांची माहिती असावी लागते.

सर्वसाधारण कसोटी अशी सांगितली जाते : विषयाची विश्वासार्ह, त्रयस्थ व दुय्यम स्रोतांत पुरेशी दखल घेतलेली असावी. यातील प्रत्येक विशेषण वजनदार आहे. त्रयस्थ म्हणजे लेखक, त्याचे नातलग, प्रकाशक किंवा विक्रेता यांपैकी नसलेला. पुस्तकाची प्रस्तावना कितीही मोठ्या साहित्यिकाची असली, तरी ती पुस्तकाचाच भाग असल्याने त्रयस्थ ठरत नाही; मलपृष्ठावरील अभिप्रायाची गोष्ट तर बोलावयासच नको. दुय्यम म्हणजे परीक्षण, समीक्षालेख, प्रबंध, वाङ्मयेतिहासातील विवेचन. पुरेशी म्हणजे नामोल्लेखापेक्षा अधिक. प्रकाशन समारंभाच्या बातमीत व्यासपीठावरील मान्यवरांची नावे दहा ओळींत व पुस्तकाविषयी एक ओळ असते. अशा बातम्यांची कितीही कात्रणे जोडली, तरी त्यांतून पुस्तकाविषयी लेख उभा राहत नाही.

ग्रंथांच्या बाबतीत काही पूरक निकष मानले जातात : दोन किंवा अधिक स्वतंत्र परीक्षणे, महत्त्वाचा पुरस्कार, ग्रंथावर आधारित उल्लेखनीय चित्रपट वा नाटक, अभ्यासक्रमात समावेश. साने गुरुजींचे 'श्यामची आई' (१९३५) हे यांपैकी कोणत्याही एका निकषावर टिकेल. त्यावरील आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांतील पहिले सुवर्णपदक मिळाले. परंतु अशा ग्रंथांसाठी निकषांची गरज नसतेच. निकष लागतात ते सीमेवरील ग्रंथांसाठी.

== लेखक की कृती ==

लेखकावर लेख लिहावा की त्याच्या कृतीवर, हा मराठीत वारंवार येणारा प्रश्न आहे. ज्यांनी एकच ग्रंथ लिहिला किंवा ज्यांच्या एकाच ग्रंथाची दखल घेतली गेली, अशा लेखकांच्या बाबतीत तो अधिक अवघड होतो. 'विपुल लेखन' ही अट घातली असती, तर मराठीतील काही अत्यंत महत्त्वाची नावे बाहेर राहिली असती.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ मध्ये पुण्यात छापले गेले. त्यांचे दुसरे पुस्तक नाही. समकालीनांपैकी जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. त्यानंतर या पुस्तकाचा जवळजवळ विसर पडला. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रकाशात आणले आणि त्यानंतर त्यावर मराठीत व इंग्रजीत विपुल लेखन झाले. १९५० साली कोणी कोश केला असता आणि दखलीची कसोटी लावली असती, तर ताराबाईंना त्यात स्थान मिळणे कठीण होते. कसोटी चुकीची होती असे यावरून सिद्ध होत नाही. मात्र कसोटी ज्या साहित्यव्यवहारावर अवलंबून आहे, त्या व्यवहाराचे दोष कोशात जसेच्या तसे उतरतात, हे सिद्ध होते.

मुक्ता साळवे हे उदाहरण याहूनही टोकाचे आहे. फुले दांपत्याच्या शाळेतील या विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त प्रसिद्ध झाला. ग्रंथ नाही, पुरस्कार नाही, चरित्राचे तपशीलही अत्यल्प. तरीही दलित साहित्याच्या व स्त्रीलेखनाच्या इतिहासात या एका निबंधाचे विवेचन इतक्या ठिकाणी आढळते, की स्वतंत्र लेखाबद्दल शंका उरत नाही. अशा वेळी चरित्रलेखापेक्षा निबंधावरील लेख अधिक भरीव होतो, आणि लेखिकेच्या नावावरून त्याकडे पुनर्निर्देशन करणे हाही मान्य मार्ग आहे.

बहिणाबाई चौधरी यांच्या हयातीत त्यांचे एकही पुस्तक निघाले नाही. १९५१ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर पुत्र सोपानदेव यांच्याकडील वहीतून 'बहिणाबाईंची गाणी' (१९५२) हा संग्रह अत्र्यांच्या प्रस्तावनेसह निघाला. अरुण कोलटकरांच्या कविता पन्नाशीच्या दशकापासून अनियतकालिकांतून येत होत्या, पण त्यांचा पहिला मराठी संग्रह १९७७ मध्ये आला. ग्रंथ म्हणजेच लेखक असे समीकरण मांडणाऱ्या कोशाला या दोघांची नोंद घेता आली नसती. लघुअनियतकालिकांची चळवळ तर ग्रंथव्यवहाराला नाकारूनच उभी राहिली होती. या दृष्टीने दाते, काळे व बर्वे यांची 'मराठी नियतकालिकांची सूची' हे साधन ग्रंथसूचीइतकेच मोलाचे आहे, जरी ते १९५० पाशी थांबते.

याच्या उलट टोकाला बाबूराव अर्नाळकर उभे आहेत. त्यांच्या नावावर हजाराहून अधिक रहस्यकथा आहेत आणि त्यांनी मराठी वाचकांच्या काही पिढ्या वाचनाला लावल्या. समीक्षेने त्यांची गंभीर दखल फारशी घेतली नाही. लेखक म्हणून त्यांची उल्लेखनीयता निर्विवाद आहे, पण त्यांच्या प्रत्येक पुस्तकावर स्वतंत्र लेख लिहिणे शक्य नाही. सुटे पुस्तक घेतले, तर कथानकापलीकडे लिहिण्यासारखे काही सापडत नाही. अशा वेळी लेखकाच्या लेखात पुस्तकांची यादी देणे एवढेच योग्य ठरते.

== महानुभाव साहित्य आणि यवतमाळ ==

एक संपूर्ण साहित्यपरंपरा कोशाबाहेर कशी राहू शकते, याचे सर्वांत मोठे मराठी उदाहरण महानुभाव साहित्याचे आहे. म्हाइंभटांचे 'लीळाचरित्र', महदंबेचे 'धवळे' व पंथातील इतर रचना यादवकाळातल्या. त्यांची घडण विदर्भातील ऋद्धिपूरच्या परिसरात झाली. पुढे पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. त्यामुळे ते मठांबाहेर कोणाला वाचता येईनात. परिणामी एकोणिसाव्या शतकातील मराठी वाङ्मयाच्या विवेचनांत ही परंपरा जवळजवळ अनुपस्थित आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सांकेतिक लिपीची उकल केली. वि. ल. भावे यांनीही या ग्रंथांचा पाठपुरावा केला व त्यांच्या 'महाराष्ट्र सारस्वता'च्या नंतरच्या आवृत्तीत महानुभावांना स्थान मिळाले.

यवतमाळचे वकील व संशोधक यशवंत खुशाल देशपांडे यांचे कार्य या संदर्भात मूलभूत आहे. त्यांचे 'महानुभावीय मराठी वाङ्मय' (१९२५) हे पुस्तक म्हणजे या परंपरेतील ग्रंथ व ग्रंथकार यांचा पहिल्या काही व्यवस्थित परिचयांपैकी एक होय. यवतमाळात त्यांनी उभारलेल्या शारदाश्रम या संस्थेने हस्तलिखितांचा संग्रह केला. पुणे-मुंबईच्या ग्रंथालयांपासून दूर, एका जिल्ह्याच्या गावी झालेल्या या कामामुळे पुढील कोशकारांना आधार घेण्याजोगा स्रोत मिळाला. नागपूरचे ह. ना. नेने व पुढे वि. भि. कोलते यांच्या संपादनांनी 'लीळाचरित्रा'चा पाठ अभ्यासकांच्या हाती आला. आज मराठी गद्याचा इतिहास याच ग्रंथापासून सुरू करतात. महानुभाव ग्रंथांचे मूल्य १८९० मध्ये होते तेवढेच १९३० मध्ये होते. या दोन तारखांमध्ये बदलले ते एवढेच, की कोणीतरी ते वाचून त्यांच्याविषयी लिहिले.

== पुरस्कार, संमेलन व अभ्यासक्रम ==

साहित्य अकादमी पुरस्कार हा मराठी लेखकाच्या उल्लेखनीयतेचा पुरेसा पुरावा मानला जातो. १९५५ मध्ये सुरू झालेल्या या पुरस्काराचे मराठीतील पहिले मानकरी विश्वकोशाचे पुढील काळातील प्रमुख संपादक लक्ष्मणशास्त्री जोशी हेच होते. ज्ञानपीठ पुरस्कार वि. स. खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा करंदीकर व भालचंद्र नेमाडे यांना मिळाला आहे. त्यांच्याबाबत प्रश्नच उद्भवत नाही. त्याखालील पुरस्कारांबाबत तारतम्य लागते. मराठीत संस्था, प्रतिष्ठाने व व्यक्तींच्या स्मरणार्थ दिल्या जाणाऱ्या पुरस्कारांची संख्या मोठी आहे आणि त्यांपैकी काहींसाठी लेखकाकडूनच प्रवेशशुल्क घेतले जाते. अशा पुरस्कारांची लांबलचक यादी लेखाला बळ देण्याऐवजी संशय उत्पन्न करते.

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद ही आणखी एक रूढ कसोटी आहे. यवतमाळात हे संमेलन दोनदा भरले : १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकर यांच्या व २०१९ मध्ये अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली. २०१९ च्या संमेलनापासून अध्यक्ष निवडणुकीने न ठरविता एकमताने निवडण्याची पद्धत आली. याच जिल्ह्यातील वणीचे माधव श्रीहरी अणे हे १९२८ च्या ग्वाल्हेर संमेलनाचे अध्यक्ष होते. टिळकांच्या जीवनावरील 'श्रीतिलकयशोर्णवः' या त्यांच्या संस्कृत महाकाव्याला साहित्य अकादमी पुरस्कार मरणोत्तर मिळाला (१९७३). लोकनायक अण्यांवरील लेख राजकीय कारकिर्दीसाठीच असणार. तरी त्यांच्या ग्रंथावर वेगळा लेख करण्याएवढी सामग्री आहे, आणि तो मराठी कोशात असावा की नाही हे केवळ ग्रंथाची भाषा संस्कृत आहे म्हणून ठरू नये. जिल्हा वा तालुका पातळीवरील संमेलनांचे अध्यक्षपद मात्र उल्लेखनीयतेला पुरेसे ठरत नाही.

पाठ्यपुस्तकातील समावेशाचे वजन पुष्कळदा कमी लेखले जाते. महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळ अर्थात बालभारती १९६७ पासून कार्यरत आहे. तिच्या मराठीच्या पुस्तकात आलेली कविता राज्यभरातील मुलांच्या तोंडी बसते. कित्येक घरांत तर आयुष्यभर पाठ असलेली कविता तेवढीच असते. परंतु पाठाच्या आरंभी दिलेला चार ओळींचा कविपरिचय हा एकमेव स्रोत असेल, तर त्यावर लेख उभारता येत नाही. विद्यापीठीय अभ्यासक्रमाचे तसे नसते. तेथे ग्रंथ नेमला की त्यावर विवेचक पुस्तके, चर्चासत्रे व प्रबंध यांची भर पडते, आणि हीच सामग्री लेखाला लागते.

== ग्रामीण लेखकांचा प्रश्न ==

यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील फुलसावंगीसारख्या गावी राहणाऱ्या लेखकाच्या दृष्टीने पाहिल्यास या कसोट्यांचे स्वरूप वेगळे दिसते. असा लेखक सहसा शिक्षक, शेतकरी किंवा लहान व्यावसायिक असतो. पुस्तक स्वखर्चाने अथवा जिल्ह्यातील प्रकाशकाकडून काही शे प्रतींत निघते. प्रती आप्तेष्ट, शाळा आणि परिसरातील वाचनालये यांत वाटल्या जातात. दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत प्रकाशनाची बातमी येते; ती आवृत्ती शेजारच्या जिल्ह्यातही पोचत नाही आणि कालांतराने कोठेही जतन झालेली आढळत नाही. परीक्षण छापणारी नियतकालिके मोजकी व बहुतांशी मोठ्या शहरांतील. प्रत पाठविली तरी परीक्षण येईलच असे नसते. दहा वर्षांनी त्या लेखकावर लेख करू पाहणाऱ्याच्या हाती पुस्तकाची प्रत आणि लेखकाने जपलेली कात्रणांची फाईल एवढेच उरते.

अशा कात्रणांचा तिरस्कार करण्याचे कारण नाही. वृत्तपत्राचे नाव, तारीख व पृष्ठ स्पष्ट असल्यास कागदी कात्रण हा महाजालावरील दुव्याइतकाच ग्राह्य स्रोत आहे. स्रोत आंतरजालावर सापडत नाही म्हणून तो नाहीच, असे मानण्याची प्रवृत्ती विदर्भ-मराठवाड्यातील लेखांना विशेष जाचक ठरते. शोधण्याच्या जागाही अनेक आहेत. विदर्भ साहित्य संघाचे (स्थापना १९२३) 'युगवाणी' हे नियतकालिक, अमरावती व नागपूर विद्यापीठांतील प्रबंध, महाविद्यालयांची वार्षिके, जिल्ह्याच्या साहित्यावरील संपादित ग्रंथ, दिवाळी अंक यांतून पुष्कळ सामग्री मिळते. वऱ्हाडी बोलीतील काव्यावर विद्यापीठांत झालेले संशोधन यादृष्टीने फार उपयोगी आहे. यवतमाळच्या शंकर बडे यांच्यासारख्या, मंचावरून घरोघरी पोचलेल्या वऱ्हाडी कवीची उल्लेखनीयता ग्रंथपरीक्षणांपेक्षा अशा अभ्यासांतून व दैनिकांतील लेखांतून सहज प्रस्थापित होते.

ग्रंथ प्रदान कायद्यानुसार (१९५४) प्रत्येक प्रकाशकाने पुस्तकाच्या प्रती कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय इत्यादी ठिकाणी पाठविणे बंधनकारक आहे. स्वखर्चाने पुस्तक काढणाऱ्यांपैकी अनेकांना हा कायदा ठाऊक नसतो. ग्रंथाला आंतरराष्ट्रीय मानक क्रमांक मिळाला म्हणजे मान्यता मिळाली, असाही एक समज आहे. तो क्रमांक केवळ ओळखीचा असतो; पोस्टाच्या पिनकोडाने गावाची थोरवी ठरत नाही, तसेच हे.

दुसऱ्या बाजूने विचार करता, ग्रामीण लेखकांना सवलत म्हणून कसोटी सैल करावी ही मागणीही टिकणारी नाही. कसोटी सैल झाल्यास तिचा लाभ प्रथम शहरांतील, आत्मप्रसिद्धीची साधने हाताशी असलेल्या लेखकांनाच होतो. स्वतःवर किंवा स्वतःच्या पुस्तकावर लेख लिहिणे, विद्यार्थ्यांकरवी वा मुलांकरवी लिहवून घेणे, हे प्रकार मराठीत विरळ नाहीत. अशा लेखांची ओळख भाषेवरून पटते. त्यांत विशेषणे भरपूर व तारखा थोड्या असतात, आणि पहिले पुस्तक कधी निघाले हे शोधूनही सापडत नाही. लेख काढून टाकण्याचा प्रस्ताव आला की लेखकाचे परिचित चर्चा पानावर समर्थनासाठी गोळा होतात. ही मतमोजणी नसते. एक चांगले परीक्षण वीस पाठिंब्यांना भारी पडते.

== मौखिक वाङ्मय ==

फुलसावंगीच्या परिसरात वऱ्हाडी मराठीखेरीज बंजारा समाजाची गोरबोली बोलली जाते, आणि जिल्ह्यात गोंडी व कोलामी याही भाषा आहेत. पैनगंगेपलीकडे माहूर आहे, तेथील देवीच्या व दत्ताच्या परंपरेशी निगडित गाणी या गावांत गायिली जातात. तांड्यावरील होळीची लेंगी गीते, कोलामांची दंडार, जात्यावरील ओव्या यांना एक कर्ता नसतो, निश्चित पाठ नसतो आणि प्रकाशनवर्षही नसते. व्यक्ती व ग्रंथ गृहीत धरून केलेल्या निकषांत ही रचना कोठेच बसत नाही. येथे सुट्या गीताऐवजी गीतप्रकार हा लेखाचा विषय करणे सोयीचे ठरते : 'लेंगी', 'दंडार' असे लेख लोकसाहित्याच्या अभ्यासकांच्या संकलनांवर उभे राहू शकतात. गीत म्हणणाऱ्या व्यक्तीचे नाव तिच्या संमतीने छापील संकलनात आले असेल तरच ते घेता येते. सदस्याने स्वतः गावात ऐकून टिपलेली माहिती, ती कितीही खरी असो, मूळ संशोधन ठरते व लेखात वापरता येत नाही. ती आधी एखाद्या नियतकालिकात किंवा संकलनात प्रसिद्ध व्हावी लागते.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची 'ग्रामगीता' (१९५५) या दोन जगांच्या सीमेवर आहे. तिला कर्ता व मुद्रित पाठ आहे, पण तिचा प्रसार वाचनापेक्षा सामुदायिक पठणाने अधिक झाला. तिच्यावरील लेखात केवळ वाङ्मयसमीक्षा पाहिल्यास ती तोकडी वाटते. ग्रामविकास, समाजशास्त्र व संतसाहित्य या तिन्ही क्षेत्रांतील लेखन एकत्र पाहावे लागते.

== स्वतंत्र लेखाऐवजी ==

स्वतंत्र लेख शक्य नसला म्हणजे माहिती टाकून द्यावी असे नाही. गावाच्या किंवा तालुक्याच्या लेखात साहित्यिकांचा परिच्छेद, वाङ्मयप्रकाराच्या लेखात ग्रंथाचा उल्लेख, नियतकालिकाच्या लेखात त्यातील लेखकांची नोंद, असे मार्ग उपलब्ध आहेत, अर्थात तेथेही संदर्भ द्यावाच लागतो. एखाद्या पुस्तकावर लेख नको असे ठरल्यास तो मजकूर लेखकाच्या लेखात विलीन करून पुनर्निर्देशन ठेवतात, त्यामुळे पुढे परीक्षणे सापडल्यास जुना मजकूर इतिहासातून परत मिळविता येतो. ज्या विषयावर लेख व्हावा असे वाटते पण स्रोत अद्याप हाती नाहीत, त्यासाठी यादीत लाल दुवा ठेवण्याची पद्धत आहे. चर्चा पानावर पाहिलेल्या स्रोतांची नावे, अंकाची तारीख व ते कोणत्या ग्रंथालयात पाहिले हे लिहून ठेवल्यास पुढील संपादकाला तेच शोधकाम पुन्हा करावे लागत नाही. वगळण्याचा निर्णय हा त्या दिवशी उपलब्ध असलेल्या स्रोतांपुरता असतो आणि नवा स्रोत मिळाल्यावर तोच लेख पुन्हा लिहिण्यास मनाई नसते.